झिबेरीचे तीस ठोके

९ डिसेंबर

पोचले बाई एकदाची! सकाळी सातला निघालेली जीप दुपारी साडेतीनला झिबेरीत टेकली. वाटेत जिथे जिथे कोणी दरीत गेलंय तिथे तिथे ड्रायव्हर क्रूस काढायचा, आणि काढताना स्टिअरिंग सोडून द्यायचा. निदान एक हात ठेव म्हटलं तर म्हणतो, ताई, देवाला अर्धवट लक्ष दिलेलं चालत नाही. शेवटी मीच डोळे मिटून घेतले.

गाव म्हणजे एका ओळीत अकरा घरं, प्रत्येकाला चिकटलेला एक दगडी बुरूज. मागे एकच मोठा उतार, झाड नाही की झुडूप नाही, थेट आभाळाला भिडलेला. त्याचं नाव कोणी घेत नाही. नुसतं ‘वरची’ म्हणतात, खाष्ट सासूबद्दल बोलावं तसं. वरची आज गप्प आहे. वरची परवा कुरकुरत होती.

मी बाबुत्सामावशीकडे उतरले आहे. सत्तरीची, विधवा, घरात एकटी. तिने आधी माझे बूट पाहिले, मग मला, आणि विचारलं की कुताइसी शहरातल्या लोकांना गुडघ्याखाली पाय नसतात का. माझी आई इकडच्याच खोऱ्यातली म्हटल्यावर जरा निवळली आणि लोकरीचे मोजे काढून दिले. जेवायला कुब्दारी नावाची रोटी होती, आत मांस ठासून भरलेली, गरम. तीन खाल्ल्या. चौथीला नको म्हटलं तर ती रुसली, म्हणून चौथीही खाल्ली. खोली उबदार आहे, खिडकीतून वरची अख्खी दिसते. गेल्या दोन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

१० डिसेंबर

कामाचा पहिला दिवस. हिमकडा कोसळेल का ते आधी ओळखायचं काम, सांगायला सोपं आहे. सकाळी उताराच्या कडेला, सुरक्षित जागी जायचं, जमीन लागेपर्यंत बर्फात खड्डा खणायचा आणि थर पाहायचे. मग खड्ड्याच्या भिंतीत वीतभर जाडीचा खांब कापून मोकळा करायचा, त्याच्या डोक्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि त्यावर हाताने ठोके द्यायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला खांब तुटून सरकतो ते लिहायचं. लवकर तुटला तर वाईट, तिसाव्यापर्यंत टिकला तर चांगलं. मग वायरलेसवर केंद्राला धोक्याचा एक ते पाचमधला आकडा सांगायचा. चार सांगितला की अकरा घरांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. म्हणजे अडतीस माणसं माझ्या एका आकड्यावर.

हे काम मी उगाच गांभीर्याने घेत नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या खोऱ्यात मी चारच्या जागी तीन सांगितला होता, कारण सगळ्यांना तीन हवा होता. बर्फ हटवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हिमकड्याखाली गेला. त्याच्या बायकोने मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

माझ्या आधीच्या ओतिया नावाच्या निरीक्षकाची वही चाळली आणि डोकंच फिरलं. अकरा हिवाळे, रोज बावीस ठोके! थंडी असो, वारा असो, रोज बावीस. हा माणूस चुलीपाशी बसून आकडे लिहीत होता, दुसरं काय?

बिमुर्झा माझ्यासोबत दोर घेऊन आला. मावशीचा दीर, गावचा कारभारीही तोच. खणायला मदत केली, पण मी ठोके द्यायला लागले तसा टोपी काढून खडकाआड गेला. मला वाटलं, लघवीला गेला असेल. पण टोपी काढून?

१५ डिसेंबर

मजेत आहे. तीन दिवस खांब अठरा-एकोणीसला तुटतोय, आकडा दोन. संध्याकाळी बायका मावशीच्या चुलीपाशी लोकर पिंजायला जमतात आणि माझी खेचतात. एवढं बर्फ उकरतेस तर एखादा नवरा उकरून काढ, म्हणे. मी म्हटलं, बर्फातून निघालेला थंडच असणार. सगळ्या खो-खो हसतील असं वाटलं होतं, पण एकदम गप्प झाल्या. एक तर उठून घरीच गेली.

नंतर मावशीने विचारलं की ते ठोकायचं रोज करावंच लागतं का, नुसतं खणून नाही भागत? मी म्हटलं, मावशी, डॉक्टर नुसता शर्ट काढायला लावून औषध देतो का? तिने मान डोलावली, पण पटलं नसावं.

१९ डिसेंबर

दोन दिवसांत साठ सेंटिमीटर बर्फ पडलं. आज खणलं तर तळाशी, जमिनीलगत, हातभर जाड साखर! आम्ही तिला साखरच म्हणतो. जुनं बर्फ तळाशी जमिनीची ऊब लागून टोकदार दाण्यांचं होतं, दाण्याला दाणा चिकटत नाही. त्यावर आता नवीन बर्फाची लादी बसली आहे. याहून वाईट जोडी नाही. खांब पाचव्या-सहाव्या ठोक्याला उडायला हवा होता.

तीस ठोके दिले. खांब हलला नाही. दुसरा कापला, तीस दिले, तोही नाही. खांद्यातून इतके जोरात मारले की तळहात सुजला. सगळं पुस्तक एकीकडे आणि हा खांब एकीकडे. खालून कोणी धरून ठेवावा तसा उभा.

केंद्रावरच्या गुरामला तीन सांगितला. तो म्हणाला, तीसला तुटत नाही आणि तीन कसला, घाबरट कुठली! घाबरट तर घाबरट. दिवसभर घरात बसवेना, चार वेळा बाहेर जाऊन उतार पाहून आले.

२२ डिसेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली, लिहून ठेवते. तीस ठोके झाले, खांब तसाच. मी वहीत लिहीत होते, हात फावड्यावर नव्हता. आणि खालून दोन ठोके आले. ठक. ठक.

बर्फ बसताना आवाज होतो हे मला माहीत आहे. अख्खा उतार एकदम हुंकारतो, पायाखाली जाणवतं. हा तसला नव्हता. हा लाकडावर बोटाची पेरं मारल्यासारखा, अगदी नेमका, माझ्या बुटाखालून. खडकाखाली पाण्याचा झरा असेल. असणारच. बिमुर्झाला सांगितलं नाही. तो खडकाआड होता, पण परत आला तेव्हा त्याने विचारलं की किती आले? मी विचारलं, काय किती? तर म्हणाला, काही नाही, चला.

२६ डिसेंबर

सकाळी मावशीच्या टेबलाजवळच्या दोन खुर्च्या ओल्या होत्या. एक मोठी, एक तिच्या मुलीची जुनी, बुटकी. मला वाटलं मांजर. मग बुटक्या खुर्चीवर दाणे दिसले, अजून न विरघळलेले. सवयीने भिंग काढून पाहिलं.

साखर होती. टोकदार, आत रेघा असलेले दाणे. हे वरच्या बर्फात नसतात. जमिनीलगत, दीड-दोन मीटर बर्फाखाली, आठवडेच्या आठवडे दबून राहिल्यावर तयार होतात. कोणाच्या बुटाला लागून घरात येऊच शकत नाहीत. माझे बूट तर मी दाराबाहेर झटकते, आणि मी त्या खुर्चीवर बसलेही नव्हते.

मावशी दारात उभी होती. ती ओरडेल, निदान विचारेल असं वाटलं. तिने खुर्ची पुसली नाही. नुसता हात ठेवून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले होते. मला तिची भीती वाटली. हे लिहितानाही वाटतेय.

३० डिसेंबर

ठोके रोज येतात, दोन-दोन. काल चारदा, आज सातदा. आता माझे तीस संपायची वाटही पाहत नाहीत. मावशी दोन ताटं जास्त वाढते. विचारलं तर म्हणते, जेवणाऱ्याला नाही म्हणू नये.

झोप लागत नाही. दिवसा डुलक्या येतात, उठून येरझाऱ्या घालते.

३ जानेवारी

आज बिमुर्झाने सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, झापलं मला खड्ड्याच्या काठावर उभं राहून.

तेहतीस वर्षांपूर्वी वरची खाली आली तेव्हा नऊ जण गेले. पाच सापडले. चार कधीच सापडले नाहीत, त्यात मावशीचा नवरा जोकिया आणि सात वर्षांची मारेखी. लिपानालीच्या सणाला, जानेवारीत, मेलेली माणसं आठवडाभर घरी पाहुणी येतात हे आमच्याकडेही आईने पाळलं होतं. ताटं वाढायची, चूल विझू द्यायची नाही. पण झिबेरीत एक जास्तीची रीत आहे. घरात मेलेल्याला घराची वाट ठाऊक असते. बर्फात हरवलेल्याला वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही. म्हणून सणाच्या पहिल्या दिवशी घरचं माणूस उताराच्या पायथ्याशी जाऊन बर्फावर दोन ठोके देतं. जेवायला या, एवढंच. आठवड्यानंतर पुन्हा दोन ठोके, आता जा. वर्षात इतर कोणत्याही दिवशी बर्फावर कोणी ठोकत नाही. पोरंसुद्धा बुटातलं बर्फ दगडावर झटकतात.

ओतियाकडून बिमुर्झाने पहिल्याच हिवाळ्यात न ठोकण्याचा शब्द घेतला होता. म्हणून बावीस. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाला, तू शिकलेली, कुताइसीची, हसली असतीस. आणि वहिनीने हातापाया पडून गप्प बसवलं मला. तिला पोर यायला हवी होती, कुठल्याही दिवशी.

हसले असते मी. खरंच हसले असते.

पंचवीस सकाळी, रोज वीस-तीस हाका. आणि जा असं एकदाही म्हटलं नाही. मी दोन ठोके देऊन त्यांना परत पाठवू का, असं विचारलं. तो म्हणाला की घरच्या माणसाचेच चालतात, आणि वहिनी देणार नाही. मी आज मावशीच्या पाया पडले. ती म्हणाली, तेहतीस वर्षं आठवडाभरच मिळाली मला ती, आता महिनाभर मिळाली तर तुझ्या पोटात का दुखतं?

४ जानेवारी

ठोके बंद केले. दुसरी रीत आहे, करवतीची. बर्फाचा लांब ठोकळा मोकळा करून तळाच्या साखरेत करवत घालायची, भेग किती पळते ते पाहायचं. चार बोटं करवत आत गेली आणि भेग सळकन ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

म्हणजे खांब तुटत नव्हता हे खोटं होतं. उतार टांगलेला आहे. जो धरून होता त्याने मी हाका मारत होते तोवरच धरलं होतं. हे मी केंद्राला सांगू शकत नाही. आकडा चार सांगितला. शाळेत जा म्हणून प्रत्येक घरी फिरले. थोडे गेले, पण इकडचा नाताळ सातला असतो, त्याला परत येणार म्हणतात.

१२ जानेवारी

तीन दिवस वारा. सगळं बर्फ वरच्या टोकाला नेऊन रचतोय. मी ठोकत नाही, तरी ठोके येतात. आता उतारावर नाही, गावात. काल पाणवठ्याजवळ. आज मावशीच्या अंगणात, उंबऱ्यापासून पाच पावलांवर. नेहमी दोनच, पुन्हा पुन्हा दोन.

खुर्च्या आता चार ओल्या असतात. बाकीचे दोघे इतर घरांचे आहेत, पण तेही इथेच येतात. बिमुर्झा म्हणतो, हाक ज्याने मारली त्याच्याकडे येतात.

१५ जानेवारी

हवामानाचा अंदाज आला. अठरापासून वीसपर्यंत सव्वा मीटर बर्फ, वर वारा. साधं गणित आहे. वीसच्या दुपारच्या आत वरची सुटणार. गुरामही या वेळी हसला नाही. रस्ता बंद आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही, नदीपलीकडची शाळा एवढाच आसरा.

आणि अठराला लिपानाली.

१६ जानेवारी

सगळ्यांना बिमुर्झाच्या घरी जमवलं. पाच, पाच म्हणून ओरडले, नकाशा दाखवला, शेवटी रडले. कोणी हलायला तयार नाही. पाहुण्यांना घरात एकटं टाकून जायचं? एक म्हातारा म्हणाला, तुझ्या घरी कोणी जेवायला आलं की तू शेजारी पळतेस का, बाई? एक बाई म्हणाली, मेलो तर आठवड्यानंतर त्यांच्यासोबतच निघू, एकत्र. तिच्या मांडीवर तिचं बाळ होतं. मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

पुन्हा एकदा सगळ्यांना तीन हवा आहे. या वेळी मी नाही देणार.

१७ जानेवारी

मार्ग सापडला. बिमुर्झाला खोदून खोदून विचारलं की रीत नेमकी काय मागते. चूल पेटती हवी, ताटं वाढलेली हवीत, आणि जेवा म्हणायला एक जिवंत माणूस हवं. प्रत्येक घरात एक? त्याने बोटांवर घरं मोजली. मग म्हणाला, पूर्वी साथीच्या वर्षी सगळ्यांनी एकाच घरात ताटं मांडली होती म्हणतात.

मग एक माणूस पुरे, मी म्हटलं. मी राहते.

मावशी भांडली, मीच राहणार म्हणून. पण ती राहिली तर कोणीच जाणार नाही हे तिलाही कळतं. तिचा बुरूज गावात सगळ्यात जाड आहे, तेहतीस वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. चूल, टेबल आणि खुर्च्या बुरुजाच्या खालच्या खोलीत हलवल्या. घर गेलं तरी बुरूज राहील. मी मरायला बसलेली नाही, हिशोब करून बसले आहे.

बिमुर्झाने विचारलं की वरची आलीच आणि तू खाली अडकलीस, तर ठोके तुझे की त्यांचे हे आम्ही कसं ओळखायचं? दोन ठोक्यांवर इथे कोणी खणणार नाही. मी म्हटलं, मी रोजच्यासारखे देईन. दहा, दहा, दहा, हळूपासून जोरात. ते दोनच देतात. त्याला पटलं. दोनदा माझ्याकडून वाजवून घेतलं, टेबलावर.

१८ जानेवारी

गेले! अडतीसच्या अडतीस, गाईंसकट. बाळही. मी पुलापर्यंत मोजत गेले, ते पलीकडे पोचल्यावर पुन्हा मोजले. मावशीने जाताना मला जवळ घेतलं आणि सांगितलं की मारेखीला चीज आवडतं, कडेचा भाग काढून दे. मी हो म्हटलं.

बर्फ सुरू झालंय. बुरुजाच्या खोलीत अकरा घरांची भाकरी, अकरा घरांची ताटं. मी मोठ्याने जेवा म्हटलं. माझाच आवाज मला आवडला नाही.

१९ जानेवारी

बावन्न सेंटिमीटर. वारा.

खुर्च्या ओल्या. चीजची कड बाजूला काढलेली होती. मी नव्हती काढली. विसरले होते.

वायरलेसवर बिमुर्झाशी बोलले. सगळे ठीक आहेत, शाळेत, मावशी जेवत नाही. लिहिताना चार वेळा उठले. दार बंद आहे. पुन्हा पाहिलं, बंद आहे.

२० जानेवारी, सकाळी ९

एक मीटर दहा. चूल चालू. जेवा म्हटलं. खाली मान घालून म्हटलं, वर बघवत नाही.

सकाळी १०.५०

वर हुंकार झाला. लांब. ताटं हलली. आली —

११.३०

मी आहे. बुरुजाची ही खालची खोली आहे, वरचं कोसळताना ऐकलं. घर गेलं, दारातून आत बर्फ घुसून घट्ट झालंय, खिडकीची फट भरली. वायरलेस मुका, तार गेली असणार. कंदील आहे, हवा आहे, थोडी. हातपाय ठीक. आणि अकरा घरं रिकामी होती! रिकामी होती! मी हसतेय एकटीच.

१२.२०

आले. वरून पावलं, बिमुर्झाचा आवाज, अगदी स्पष्ट. पुरलेल्याला वरचं ऐकू येतं, वरच्यांना त्याचं नाही, हे परीक्षेत लिहिलं होतं मी. ओरडून उपयोग नाही. फावड्याने दगडावर ठोकलं. दहा. दहा. दहा.

बिमुर्झा म्हणाला, श्श, ऐका! सगळे गप्प झाले. मी पुन्हा दिले —

१२.३०

तो म्हणाला, बुरूज कोसळलाय, बर्फाने तिला ओढ्याच्या बाजूला नेलंय. तिकडून येतंय.

नाही. मी इथे आहे. बुरुजाखाली.

पावलं पळाली. मावशीही ओरडतेय, तीच आहे, तीसच आहेत, मी मोजले. तिचा आवाज लांब जातोय.

मग मलाही ऐकू आलं. ओढ्याकडून, बर्फातून. दहा हळू. दहा मध्यम. दहा जोरात. अगदी माझ्यासारखे, तिसऱ्या दहात शेवटचे दोन जरा घाईत. ती माझी खोड आहे.

मी शिकवलं. रोज सकाळी मीच —

१.१०

लांब फावडी चालतायत. लांबच. तिकडे खणतायत, जीव तोडून, माझ्यासाठी. हात दुखतात. हवा जड. ठोकते, थांबते, ठोकते. मी ठोकले की तिकडूनही ठोकतात, माझ्याहून मोठ्याने.

कंदील बारीक केला. ताटांकडे पाहायचं नाही.

१.४०

बुटकी खुर्ची सरकली. नाही, मी सरकवली असेल पायाने. माझे पाय पोटाशी आहेत.

मारेखी, तुझी आई वर आहे. तिला हाक मार ना. मला नको —

१.५५

अजून एकदा. मनगटाचे दहा. झाले. कोपराचे दहा. झाले. खांदा उचलत नाही आता, फावडं खाली ठेवलंय, दोन्ही हात वहीवर आहेत.

तिसरे दहा चालू आहेत.

इथे. टेबलाच्या त्या बाजूने. चार. पाच. जोरात. सहा. मोजतेय. आठ झाले, आता शेवटचे दोन, घाईत, दहा झाले की मग —